चुना सुटण्याआधी

नानांच्या अंगठ्याचा ठसा कोराच आला. म्हणजे शाई लागली होती, अंगठा नीट टेकला होता, पण उचलल्यावर कागदावर निळं, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचं काहीतरी उरलं आणि त्यात एकही रेघ नव्हती. वर माझा ठसा होता, भोवऱ्यासारखा गरगरत आत गेलेला. शेजारी मायचा, मधून विळीचा जुना वण गेलेला. आणि खाली हे. मी म्हटलं, "नाना, नीट दाबा ना," आणि परत घेतला. मग डाव्या हाताचा घेतला. मग हट्टाला पेटून दहाही बोटांचे घेतले. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की जगात कुठल्याही दोन बोटांचे ठसे सारखे नसतात, घरच्यांचे घेऊन या आणि स्वतःच बघा. नानांच्या दहा बोटांचे ठसे अगदी एकमेकांसारखे आले. नाना हसले. "आसिडनी टाकी खाई गई बठ्ठ्या रेघा," ते म्हणाले. "तुन्ही बाईले सांग, मन्हा बाप कोरा शे." आणि खांद्यावर टॉवेल टाकून मोरीत गेले. मोरीत पाणी पडल्याचा आवाज येत राहिला आणि मी त्या कागदाकडे बघत बसले. मला एकदम असं वाटलं की आत अंघोळ करतोय तो माणूस कोण आहे हे आता कुणाला सिद्ध करता येणार नाही.

मी लगेच मान झटकली. त्या वर्षी मी नववीत होते आणि असल्या गोष्टी मनात ठेवून बसणारी मुलगी राहिलेच नव्हते. आधी होते. आठवीपर्यंत वर्गात माझं नाव पुकारलं तरी हजेरी माझ्या वतीने शेजारची द्यायची, इतकी मी मुकी. पण हिवाळ्यात आमच्या धुळ्याच्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन झालं आणि त्यात मी माईकवर बोलले. मी, कोकिळा अभिमन, बोलले! पहिली दोन वाक्यं मी कागदावरून वाचली. मग माझा आवाज समोरच्या भोंग्यातून माझ्याकडेच परत आला, मोठा, गोल, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा, आणि मला तो इतका आवडला की मी थांबेचना. बाईंनी शेवटी मागून माझ्या वेणीला हात लावला. त्यानंतर मी सगळीकडे बोलायला लागले. पिठाच्या गिरणीत, बसच्या रांगेत, रेशनच्या दुकानात. माय म्हणायची, "पोरीना तोंडनं बूच निंघी गयं."

माझा प्रयोग नानांच्या कारखान्यावरच होता. सुरतेच्या रस्त्याने समुद्राकडचे ट्रक येतात, आणि त्यातले काही आमच्या गावाबाहेरच्या एका शेडपाशी गोण्या उतरवतात. गोण्यांत झिंग्यांची आणि खेकड्यांची वाळलेली टरफलं असतात. मांस परदेशात जातं आणि कवचं इकडे येतात, जिथल्या पुष्कळांनी समुद्र बघितलेलाही नसतो. शेडमध्ये ती आधी आसिडच्या टाकीत टाकतात. आसिड त्यांच्यातला चुना खातं. मग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळतात. कॉस्टिक त्यांना चिकटलेलं उरलंसुरलं मांस खातं. शेवटी उरतात पांढरे, हलके, कागदासारखे तुकडे. त्याला कायटिन म्हणतात. त्याच्यापासून जखमा लवकर भरून येणाऱ्या पट्ट्या करतात असं बाई म्हणाल्या. नाना आसिडच्या टाकीवर होते. मी लहान असताना त्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा लांबूनच बघायचे. आंबट पांढरा धूर, शेडच्या पत्र्याला पडलेली भोकं, आणि धुरात लांब काठीने ढवळणारा एक माणूस. जवळ येईपर्यंत तो आपला बाप आहे की नाही ते कळायचं नाही. टाकीतून निघालेलं पाणी मागच्या नाल्यात जायचं. त्या नाल्यावर मच्छरसुद्धा नव्हते. मला तेव्हा ते किती चांगलं वाटायचं!

बाईंनी एका मासिकातला लेख वर्गात वाचून दाखवला होता की हेच काम आसिडशिवाय होतं. ताकातले जंतू घ्यायचे, त्यांना काहीतरी गोड खायला द्यायचं, आणि टरफलांबरोबर बंद करून ठेवायचं. जंतू गोड खातात आणि आंबट सोडतात, ते आंबट हळूहळू चुना विरघळवतं, मांसही सुटतं, आणि ते पाणी जनावरांच्या खाद्यात घालता येतं. नाला काळा होत नाही. मी बाटलीत करून दाखवलं. ताक मायचं, गोड म्हणून रावेरच्या मामाने आणलेली काळी पडलेली केळी, आणि टरफलं नानांच्या डब्यात लपवून आणलेली. प्रदर्शनाला पाहुणे म्हणून कारखान्याचे लीलाधर शेठ आले होते. त्यांनी बाटली उजेडासमोर धरली, आतला मऊ पडलेला तुकडा चिमटीत वाकवून बघितला, आणि म्हणाले, "बाटलीत सगळंच होतं, पोरी. पिंपात करून दाखव. आणि मला तिथे शिकलेली मॅडम परवडायची नाही. माझा माणूस चालवेल असं पाहिजे. तयार झालं की नाही हे त्याने सांगायचं. जमलं, तर तुझ्या बापाला टाकीवरून काढतो आणि पिंपांवर बसवतो." सगळ्यांसमोर म्हणाले. मी "जमेल!" असं इतक्या मोठ्याने ओरडले की लोक हसले. नानांनी घरी येऊन फक्त विचारलं, "आसिड बिलकुल नही?" मी म्हटलं, बिलकुल नाही. ते बराच वेळ आपले हात मांडीवर उलटे टाकून बसले होते.

मी थंडी संपायची वाट बघितली, कारण थंडीत जंतू झोपतात. उन्हं तापायला लागली तशी शेठनी एक निळं पिंप पाठवलं. मी ते मागच्या ओट्यावर भिंतीच्या सावलीत ठेवलं, खेकड्यांच्या पाठी, म्हणजे त्यांची वरची कवचं, भरल्या, केळी कुस्करून घातली, ताक ओतलं. मायने तेव्हाच कुरडयांचा गहू भिजत घातला होता, त्याचं पातेलं पिंपाच्या शेजारी होतं. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्याच ओट्यांवर गहू भिजत असतो आणि सगळ्या गल्लीला एक गोडसर आंबूस वास येतो. मला वाटलं, किती छान, माझंही त्यातलंच एक! दुपारी सगळं आवरून गल्ली गप्प झाली की पिंप बोलायचं. चुना विरघळताना बुडबुडे येतात, मला माहीत होतं, मी स्वतः माईकवर सांगितलं होतं. तरी झाकणाला कान लावला की अंगावर काटा यायचा. आत पुष्कळ जण एकदम, दबक्या आवाजात, एकमेकांच्या वाक्यावर वाक्य ठेवून काहीतरी सांगताहेत असं वाटायचं. माय एकदा पोळी लाटता लाटता थांबली. "कोके," ती म्हणाली, "ते बोली ऱ्हायनं." मी म्हटलं, माय, तो वायू आहे. "व्हई," ती म्हणाली, "पन माले वाटस, ते मन्हंच नाव ली ऱ्हायनं." आणि हसली, पण लाटणं हातात तसंच राहिलं.

त्याच दिवसांत नानांनी मला कारखान्यातून एक अख्खा खेकडा आणून दिला. गोणीत कधीतरी एखादा न फुटलेला येतो, तो दोन्ही टाक्यांतून जाऊन, उन्हात पांढरा होऊन आला होता. मी त्याला काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवलं. त्याचं सगळं जागेवर होतं. नांग्या, पायांचे सांधे, पाठीवरचे बारीक उंचवटे, डोळ्यांच्या खाचासुद्धा. फक्त तो आरपार दिसत होता. त्याच्यातून मला आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. बाहेरून ट्रक गेला की ग्लासातलं पाणी हलायचं आणि तो एक पाय उचलायचा. चुना गेला, रंग गेला, मांस गेलं, तरी खेकडा गेला नाही, हे मला आधी फार गमतीचं वाटलं. मी मैत्रिणींना घरी बोलावून दाखवलं. मग एका दुपारी शाळेतून आले तर नाना पाळी संपवून उंबऱ्यात बसलेले, मागून ऊन आलेलं, आणि त्यांचे कान लाल, उजेड आरपार येत असलेले. कुणाच्याही कानांतून उन्हात उजेड येतो. पण मी दप्तर हातात घेऊन तिथेच उभी राहिले आणि मनात म्हणत राहिले, रेघा गेल्या, आता काय जाईल? नानांनी मान वर केली. "काय देखस वं?" मी म्हटलं, काही नाही, आणि चहा केला. चहाचा ग्लास इतका गरम होता की मी तो पदराने, म्हणजे ओढणीने धरला होता. नानांनी तो मुठीत घेतला आणि निवांत पीत बसले. मला तेव्हा अभिमान वाटला. आपला बाप किती कणखर आहे, असं.

पिंप मात्र आंबट होईना. म्हणजे पहिल्यांदा झालं, आणि मग कुठेतरी अडलं. बोलणं मंदावलं. झाकण उघडलं की ताकाचा वास यायच्या ऐवजी दुसराच काहीतरी वास यायचा, गोड आणि जड, नाकापेक्षा घशात बसणारा. मी आणखी केळी घातली. आणखी ताक घातलं. वास वाढत गेला. तो दोरीवरच्या कपड्यांना लागला, मिठाला लागला, माझ्या वेणीला लागला, वर्गात शेजारची मुलगी बाक बदलून बसली. शेजारची द्रौपदाबाई भिंतीवरून डोकावली, पदर नाकाला. "घरमा कोनी मरी गयं का वं, मंदा?"

"कोनी नही मरी गयं!" माय म्हणाली. "कोकीनं शास्त्र शे ते."

"मंग शास्त्रनं मयत कधी काढतस? माले जेवन नही जास."

माय ओशाळली. मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण मी हसले आणि म्हटलं, "मावशी, परदेशात जाणाराय हा माल, अत्तर लावून पाठवू!" द्रौपदाबाई हसत हसत गेली. नाना पिंपाला टेकून बसले होते, अगदी टेकून, आणि ताटातली भाकर मोडून जेवत होते. मी म्हटलं, नाना, घरात बसा, वास येतोय. "कसाना वास?" ते म्हणाले. "माले तं नही ऊना." मला वाटलं, माझं मन राखण्यासाठी म्हणताहेत. इतकं बरं वाटलं मला! मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, श्वास धरून, आणि तेही जेवता जेवता माझ्याकडे बघून हसले. आता आठवते तेव्हा ते हसू मला पुन्हा पुन्हा तपासून बघावंसं वाटतं.

मग शाळा लवकर सुटली त्या दुपारी मला कळलं. मी मागच्या दाराने आले. ऊन इतकं पांढरं होतं की ओट्यावर आधी काहीच दिसेना, नुसता पाण्याचा आवाज. मग माय दिसली. पिंप कलतं करून, झाकणाची फट ठेवून, ती आतलं पाणी मोरीत सोडत होती. सावकाश, एकही टरफल बाहेर पडू न देता, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मग तिने हंड्यातलं ताजं पाणी वर ओतलं, हाताने टरफलं खालीवर केली, झाकण लावलं, आणि पदराने झाकणाची कड पुसली. शेजारचं गव्हाचं पातेलं नुकतंच तसंच करून ठेवलेलं होतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. माय दचकली नाहीच, उलट तिला वाटलं मी खूश झाले.

"कुरडईना गहूले रोज पानी बदलतस का नही?" ती म्हणाली. "नही बदललं तं वास सुटस. तू शाळामा जास, तुन्हा ध्यानमा ऱ्हात नही. मी करस रोज."

"रोज?"

"रोज. तरी वास येसच ना, मंग आते दोनदाव करस."

मी ओट्यावर खाली बसले. जे आंबट व्हायला पाहिजे होतं ते माझी माय रोज दुपारी, माझ्यासाठी, काळजीने, मोरीत ओतत होती. जंतू कष्ट करत होते आणि रोज त्यांचा सगळा दिवस वाहून जात होता. मला संताप आला आणि त्याचबरोबर इतकं हसू आलं की माय घाबरली. मी तिला समजावलं. गव्हात आपल्याला पांढरा चीक हवा असतो, आंबट पाणी फेकायचं. इथे आंबट पाणीच हवं, बाकी सगळं त्याने करायचं. तिने ऐकून घेतलं. तिचे हात पदरात गेले. "मंग त्यास्नी टाकी?" तिने विचारलं. "त्यास्ले टाकीवरच ऱ्हावनं पडी का?" मी म्हटलं, नाही! मी आहे ना!

आणि मी नव्याने पिंप लावलं. सगळं सडकं काढून शेताच्या खड्ड्यात पुरलं, पिंप उन्हात तापवलं, द्रौपदाबाईच्याच म्हशीचं ताक मागून आणलं, मामाचा केळ्यांचा ट्रक येताना दोन पोती काळी केळी टाकून गेला. या वेळी वास पहिल्याच दिवसापासून बरोबर होता. पिंप पुन्हा बोलायला लागलं. मी रोज हात घालून एक पाठ काढायचे आणि वाकवून बघायचे. चुना असला की ती मोडते. चुना गेला की वाकते, बोटाला गुंडाळता येते. कडा आधी मऊ होतात, मध्य शेवटी. माझं अनुमान होतं की सोमवारपर्यंत सगळं होईल, आणि शेठनी तपासायला सोमवारच दिला होता. नानांना मी म्हटलं, तुम्हीही रोज बघत जा ना, शेठ तुम्हालाच विचारतील. ते म्हणाले, "माले समजस. हात घालताच समजस. इतला वरीस काय करं मी?" आणि हात घातला, आणि मान हलवली, जाणत्यासारखी. काय समजलं ते मी विचारलं नाही. वयाने मोठ्या माणसाला असं कोण विचारतं? की मला ते विचारायचंच नव्हतं?

शेठ शनिवारी आले. मोटार गल्लीच्या तोंडाशी लावून, रुमालाने मान पुसत, अगदी भर दुपारी. "इकडून चाललो होतो," ते म्हणाले. "बघू काय म्हणतंय ते." मायने खुर्ची आणली. द्रौपदाबाई भिंतीपाशी आली. मी पुढे होऊन सुरू केलं, शेठ, हे जे जंतू आहेत ना, आणि त्यांनी हात वर केला.

"तू नको. तुझं बोलून झालं, मोठ्या भोंग्यावर झालं. आज हा बोलेल. तयार नसलं तरी हरकत नाही माझी, मी घाईत नाहीये. पण तयार आहे की नाही हे ह्याला कळलं पाहिजे. कच्चा माल बाहेर काढणारा माणूस पिंपावर काय कामाचा? अभिमन, घाल हात."

नाना खाली बसले. बाही वर केली. पाणी केळ्यांनी तपकिरी झालेलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं, त्यांचा हात मनगटापर्यंत गेला आणि मनगटाखाली उरलाच नाही. मला माहीत होतं की अजून दोन दिवस आहेत. सकाळीच मी बघितलं होतं. मी मनात म्हणत होते, एवढंच म्हणा नाना, दोन दिवस थांबा, शेठ. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "खालचं वर करून देते," आणि शेठ काही बोलायच्या आत दुसऱ्या बाजूने हात घातला, कोपरापर्यंत. पाणी कोमट होतं, कुणाच्या तरी पोटासारखं. बुडबुडे दंडावरून वर सरकत होते. खेकड्यांच्या पाठी एकामागून एक बोटांना लागत गेल्या, कडा मऊ, मधे अजून टणक, नखासारख्या. आणि मग त्यांच्यामधे एक काहीतरी लागलं, पूर्ण मऊ, गुळगुळीत, कुठेच टणक नाही, आणि मला एकदम वाटलं की झालं! एक तरी झालं! मी ते चिमटीत धरलं. ते नानांचं बोट होतं.

मी ते दाबलं. नाही. मग सगळा पंजाच धरला आणि दाबला, नाही, नाना, नाही. ते शेठकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अगदी तोच जाणता भाव होता. मी नखं रुतवली, जेवढी रुततील तेवढी, पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. पाण्याखाली त्यांचा हात माझ्या हातात निवांत पडून होता.

"झालं, शेठ," नाना म्हणाले. "एकदम झालं."

"काढ एक."

त्यांनी माझ्या मुठीतून हात काढून घेतला, सहज, जणू तिथे मूठ नव्हतीच, आणि एक पाठ वर आणली. शेठनी ती रुमालात पुसली, दोन्ही अंगठ्यांमधे धरली आणि वाकवली. आवाज बारीकच आला, वाळकी काडी मोडावी तसा. शेठनी दोन्ही तुकडे हलकेच ओट्यावर ठेवले. रागावले नाहीत. "पोरगी हुशार आहे तुझी," ते म्हणाले. "शिकव तिला." आणि उठताना, "सोमवारी वेळेवर ये टाकीवर."

मोटार गेली तरी माझा हात पिंपातच होता. आत ते बोलतच होतं. नाना दोन्ही तुकड्यांकडे बघत बसले, मग हात धुवायला तांब्याकडे वळले, आणि उन्हात त्यांनी आपला पंजा उलटा करून पाहिला. पंजाच्या पाठीवर चार चंद्रकोरी होत्या, खोल, आणि त्यातून रक्त बोटांवर उतरत होतं. त्यांनी हात माझ्यापुढे धरला.

"हाई कधी लागनं वं?" त्यांनी विचारलं.